समुद्राचं कुटार

झाडीपट्टीचा इतिहास सांगायचा म्हटलं की गोंड राजे येतात, कोहळी समाजाने बांधलेले तलाव येतात, मालगुजारी येते. आमच्या चिमूरपुरतं बोलायचं तर १९४२ चा ऑगस्ट येतो. हे सगळं मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवलं. पण याच भूमीच्या इतिहासातला एक अगदी साधा प्रश्न कुठल्याच पुस्तकात नव्हता.

चिमूरहून पूर्वेला नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाहीकडे निघालं की बांध्यांमागून बांध्या लागतात. या बांध्यांत शेकडो वर्षं धान पिकत आलं आहे. दरवर्षी माणसाने धान कापून घरी नेलं, तणस गुरांपुढे टाकलं. शेणखत होतं, पण ते किती आणि कुठे कुठे पुरणार? युरियाची गोणी इकडे रुळली ती गेल्या पन्नास-साठ वर्षांत. मग त्याआधीची शतकानुशतकं ही जमीन रिकामी कशी झाली नाही? दरवर्षी तिच्यातून जे काढलं जात होतं ते परत कोण भरत होतं?

निवृत्तीनंतर वेळ हाताशी होता म्हणून या प्रश्नाचा माग काढत गेले, आणि बांधीतून निघालेली वाट थेट समुद्रात जाऊन पोचली! मी शिकले बी.ए. मराठीतून, त्यामुळे विज्ञानाचं जे काही लिहीन ते एका इतिहासाच्या बाईने समजून घेतलेलं आहे असं समजा. पण इतिहासच आहे हा. फक्त यातली सनावळी कोटींत मोजावी लागते.

भरलेलं कोठार, पण कुलूप लावलेलं

पिकाला जे हवं असतं त्यात नत्राचा मान पहिला. प्रथिनं नत्राशिवाय होत नाहीत, आणि प्रथिनांशिवाय जीव नाही. हे नत्र काही दुर्मिळ नाही. आपण श्वासात घेतो त्या हवेचे शंभरातले ७८ भाग नत्रच असतं. डॅनियल रदरफोर्ड या स्कॉटिश माणसाने १७७२ मध्ये ते वेगळं ओळखलं. पुढे फ्रान्सच्या लाव्हाझिएने त्याला 'अझोत' म्हणजे निर्जीव असं नाव दिलं, कारण त्यात ठेवलेला प्राणी जगत नसे. ज्याच्याशिवाय जीव नाही त्याचंच नाव निर्जीव! गंमत आहे ना?

पण लाव्हाझिएचं अगदीच चुकलं असंही नाही. हवेतल्या नत्राचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधाने असे घट्ट धरून असतात की झाडाला, जनावराला, माणसाला ते सोडवता येत नाहीत. कोठार भरलेलं आहे पण कुलूप लागलेलं आहे. कुलूप उघडून त्याचा अमोनिया केला, की मग ते सगळ्यांच्या उपयोगाचं होतं.

ही किल्ली कुणाकडे आहे हे कळायला १८८६ साल उजाडलं. हेलरिगेल आणि विल्फार्थ या जर्मन संशोधकांनी दाखवून दिलं की वाटाणा, घेवडा अशा शेंगवर्गी पिकांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतलं नत्र बांधतात. आपल्याकडे धान कापायच्या आधीच ओलीवर लाखोळी फेकायची जुनी रीत आहे. ती ज्यांनी सुरू केली त्यांना जिवाणू माहीत नव्हते, पण जमीन माहीत होती.

तरी धानाचं कोडं सुटलं नव्हतं. धानाच्या मुळांना गाठी नसतात, आणि लाखोळी काही प्रत्येक बांधीत पडत नव्हती.

पी. के. डे यांची माती

हे कोडं सोडवायला हात घातला तो एका भारतीय माणसाने, याचं मला फार अप्रूप वाटतं. पी. के. डे हे बंगाली संशोधक. १९३० च्या दशकात त्यांनी भातखाचरांची माती घेतली आणि त्यात पाणी भरून नत्राचा हिशेब मांडला. पाणी साचलेल्या मातीवर उजेड पडू दिला तर नत्र वाढतं, असं त्यांना दिसलं. आता उजेड लागतो म्हणजे हे काम मुळाशी अंधारात बसलेल्या जिवाणूंचं नव्हे. पाण्यावर जो निळसर हिरवा चिकट थर येतो, ज्याला आपण शेवाळ म्हणून पाय घसरू नये एवढ्यापुरतं ओळखतो, तो थर हे काम करत होता. लंडनचे शैवालतज्ज्ञ फ्रिट्श यांच्यासोबत डे यांनी १९३८ मध्ये 'नेचर'मध्ये टिपण लिहिलं, आणि १९३९ मध्ये रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात त्यांचा सविस्तर लेख आला.

बनारस हिंदू विद्यापीठाचे आर. एन. सिंह यांनी हे काम पुढे नेलं. उत्तरेकडच्या उसर जमिनी, म्हणजे क्षारांनी पांढऱ्या पडलेल्या नापीक जमिनी, याच शेवाळाच्या मदतीने सुधारता येतात असं त्यांनी १९५० मध्ये मांडलं. १९६१ मध्ये भारतीय शेतीतल्या या शेवाळाच्या कामगिरीवर त्यांचा ग्रंथ निघाला. पुढे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत जी. एस. वेंकटरामन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेतकऱ्याने घरच्या घरी शेवाळ वाढवायची पद्धत बसवली. उथळ टाकीत माती आणि पाणी घ्यायचं, थोडं सुपर फॉस्फेट टाकायचं, शेवाळाचं विरजण लावायचं, थर आला की उन्हात वाळू द्यायचा आणि पापुद्रे गोळा करायचे. रोवणीनंतर हेक्टरी दहा किलो पापुद्रे पाण्यात टाकले की काम झालं. चांगलं जमलं तर एका हंगामात हेक्टरी २० ते ३० किलो नत्र मिळतं, असा साधारण हिशेब सांगितला जातो.

म्हणजे आमच्या बांध्या इतकी शतकं कोण भरत होतं याच्या उत्तराचा मोठा भाग पायाखालीच होता.

हे शेवाळ आहे तरी कोण?

नावाला शेवाळ, पण खरं तर ते शेवाळ नाहीच. ते आहेत जिवाणू, सायनोबॅक्टेरिया. फरक एवढाच की बाकीचे बहुतेक जिवाणू दुसऱ्याच्या जिवावर जगतात आणि हे झाडासारखे सूर्यप्रकाशावर स्वतःचं अन्न करतात. किंबहुना झाडांनी ही विद्या यांच्याचकडून घेतली. झाडाच्या पानातला हिरवा कण म्हणजे फार जुन्या काळी दुसऱ्या पेशीत राहायला गेलेला सायनोबॅक्टेरियाच. आपल्या हवेत प्राणवायू आला तोही यांच्यामुळे, सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी.

या कुळाचा विस्तार फार मोठा. बोडीत हे आहेत, ओल्या भिंतीवर हे आहेत, वाळवंटात आहेत. आणि सगळ्यात मोठी वस्ती आहे समुद्रात. नत्राची गोष्ट नीट कळायची तर या समुद्रातल्या भाऊबंदांकडेच जावं लागतं. कारण बांधीत नत्र थोडंफार तरी इकडून तिकडून येतं. भर समुद्रात मात्र खरा दुष्काळ असतो.

कॅप्टन कुकचा भुसा

१७७० मध्ये कॅप्टन कुकचं जहाज ऑस्ट्रेलियाच्या बाजूने जात असताना पाण्यावर पिवळट तपकिरी पट्टे तरंगताना दिसले. खलाशी त्याला 'समुद्राचा लाकूडभुसा' म्हणत. १८३२ मध्ये ब्राझीलजवळ चार्ल्स डार्विनलाही तेच दिसलं. त्याला ते वाळल्या गवताच्या बारीक तुकड्यांसारखं वाटलं. आमच्या वऱ्हाडी-झाडीच्या बोलीत त्याला एकच शब्द आहे, कुटार! समुद्राच्या पाण्यावर कुणी कुटार उधळावं तसं ते दिसतं.

या दोघांच्या मधल्या काळात, १८२३ मध्ये, एरेनबर्ग नावाच्या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने तांबड्या समुद्राच्या काठी असंच तांबूस पाणी पाहिलं आणि १८३० मध्ये त्या जीवाला ट्रायकोडेस्मियम असं नाव दिलं. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ केसांची जुडी. एकेक धागा म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या शेकडाभर पेशींची माळ. असे अनेक धागे एकत्र येऊन जुडी होते आणि ती नुसत्या डोळ्यांनी दिसते. पेशींत हवेचे इवलेसे फुगे असतात, त्यामुळे ती तरंगते.

हे पाहायला तांबड्या समुद्रापर्यंत जायची गरज नाही. आपल्या कोकण-गोव्याच्या समुद्रातही साधारण फेब्रुवारी ते मे या काळात हे कुटार येतं. गोव्याच्या दोना पावला इथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, १९६६ साली स्थापन झालेली. तिथल्या देवस्सी, भट्टतिरी आणि कासिम यांनी गोव्याजवळच्या या प्रकाराचा अभ्यास करून १९७८ मध्ये लेख लिहिला. यातले कासिम म्हणजे सय्यद झहूर कासिम, ज्यांच्या नेतृत्वाखाली भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम १९८१ मध्ये निघाली. या मंडळींनी पुढे हेही दाखवलं की ट्रायकोडेस्मियमचा थर मरून कुजू लागला की त्या पाण्यावर दुसरे सूक्ष्म जीव पोसले जातात, त्यांच्यावर आणखी दुसरे. एकामागून एक पंगती उठाव्यात तसं चालतं.

पण हे उन्हाळ्यातच का? त्याचं कारण समुद्राच्या रचनेत आहे. समुद्रात ऊन वरच्या थरात आणि नत्र खालच्या थरात, अशी विचित्र वाटणी असते. जे मरतं ते खाली बुडतं आणि आपल्यासोबत नत्र घेऊन जातं. पावसाळ्यात वाऱ्याने समुद्र घुसळून निघतो, खालचं पाणी वर येतं, तेव्हा सुगी असते. फेब्रुवारी-मार्चनंतर वारा पडतो, पाणी तापून शांत होतं, वरच्या थरातलं होतं-नव्हतं ते नत्र संपतं. बाकीचे उपाशी राहतात आणि ज्याला हवेतून नत्र काढता येतं त्याचं फावतं. हवा तर सगळ्यांच्या डोक्यावर सारखीच आहे.

तरी जमाखर्च पूर्ण व्हायला आणखी एक बाब हवी. अरबी समुद्राच्या मधल्या खोलीत, काहीशे मीटरवर, प्राणवायू जवळजवळ नसतो. तिथले जिवाणू श्वासासाठी प्राणवायूऐवजी नायट्रेट वापरतात आणि त्यातलं नत्र वायू होऊन हवेत परत जातं. जगात असा नत्राचा ऱ्हास जिथे मोठ्या प्रमाणावर होतो अशा मोजक्या जागांत अरबी समुद्राची गणना होते. याचा बराचसा अभ्यास दोना पावलाच्याच संस्थेत नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला आहे. एकीकडे समुद्राच्या थैलीला भोक आहे आणि दुसरीकडे हे कुटार तिच्यात भर घालतं आहे.

ट्रायकोडेस्मियम खरोखरच नत्र बांधतं हे सारगॅसो समुद्रात १९६१ मध्ये मोजून दाखवलं गेलं. म्हणजे पाहा, कुकच्या खलाशांनी ते पाहिल्याला १९१ वर्षं झाली होती! आणि डे यांनी बांधीतलं शेवाळ ओळखून दोन दशकं उलटून गेली होती. बांधीने समुद्राच्या आधी गुपित सांगितलं.

तयार भात की रोवणी?

आता मुद्द्याचं. हे जीव नत्र मिळवतात कसं?

आपल्या घरातलं उदाहरण घेऊ. भूक लागली आहे. शेजारणीने शिजलेला भात आणून दिला तर काय, बसायचं आणि जेवायचं. तांदूळ दिले तर चूल पेटवावी लागेल. धान दिलं तर आधी कांडावं लागेल. आणि काहीच नसेल तर बांधी चिखलून, पऱ्हे लावून, पीक येईपर्यंत थांबावं लागेल.

सायनोबॅक्टेरियांसाठी अमोनिया म्हणजे शिजलेला भात. पेशीत गेला की थेट कामाला. युरिया म्हणजे तांदूळ, फोडला की त्यातून अमोनिया निघतो. नायट्रेट म्हणजे धान. ते आधी पंपाने आत ओढायचं आणि मग दोन टप्प्यांत त्याचा अमोनिया करायचा. हवेतलं नत्र म्हणजे रोवणी. त्याच्या एका रेणूमागे पेशीला एटीपी नावाच्या चलनाची १६ नाणी मोजावी लागतात. शिवाय त्यासाठी नायट्रोजनेज नावाचं अवजार लागतं. त्यात लोह आणि बहुतेक ठिकाणी मॉलिब्डेनम ही धातूंची जोडगोळी असते. भर समुद्रात लोह मिळणं हीच मोठी मारामार. वाळवंटांवरून उडून आलेली धूळ हाच बऱ्याच ठिकाणी त्याचा आधार.

साहजिकच जोवर भात मिळतो तोवर कुणी रोवणी करत नाही. या जिवांतही तसा बंदोबस्त आहे. एनटीसीए नावाचं एक प्रथिन पेशीत कोतवालासारखं फिरत असतं. घरात नत्र कमी पडलं की तो दवंडी देतो, आणि मग नायट्रेट आणायचं, गरज पडली तर हवेतलं नत्र बांधायचं काम सुरू होतं. अमोनिया आला की दवंडी बंद, काम बंद. हा कोतवाल बांधीतल्या शेवाळात आहे आणि समुद्रातल्या त्याच्या भाऊबंदांतही आहे. एका घराण्याची खूण म्हणायची.

स्वतःच केलेलं विष

नायट्रोजनेज हे फार जुनं अवजार. ३२० कोटी वर्षं जुन्या खडकांतल्या नत्राच्या खुणांवरून तेव्हाही कुणीतरी हवेतलं नत्र बांधत होतं असं २०१५ मध्ये मांडलं गेलं. त्या काळी हवेत प्राणवायू नव्हता. हे अवजार अशा जगात घडलं, आणि म्हणून त्याची एक खोड राहून गेली. प्राणवायू लागला की ते बिघडतं.

आणि प्राणवायू कुणी आणला? याच सायनोबॅक्टेरियांनी! ज्या पेशीत नत्र बांधायचं त्याच पेशीत उन्हामुळे प्राणवायू तयार होणार. एकाच चुलीवर दूध आणि लिंबू ठेवण्यासारखं हे. या पेचातून या कुळाच्या शाखांनी वेगवेगळे मार्ग काढले, आणि हा मला सगळ्या कथेतला सर्वात रंजक भाग वाटतो.

बांधीतल्या ॲनाबीना, नॉस्टॉक या मंडळींनी वेगळी खोली बांधली. माळेतली साधारण दहातली एक पेशी जाड भिंतीची होते, प्राणवायू करणं सोडते आणि फक्त नत्र बांधते. शेजारच्या पेशी तिला साखर देतात, ती त्यांना नत्र देते. मात्र ती पेशी पुन्हा कधी दुभंगत नाही, तिला संतती नाही. नत्र बांधायची जागा हीच असावी हे १९६८ मध्ये मांडलं गेलं. समुद्रातल्या क्रोकोस्फेराने वेळ वाटून घेतली. दिवसा ऊन खायचं, रात्री नत्र बांधायचं. ट्रायकोडेस्मियमला ना वेगळी खोली ना रात्रपाळी, ते भर दिवसा नत्र बांधतं.

खुल्या समुद्रात हे नत्र बांधणारे पहिल्यापासून होते का? वंशावळींचा अभ्यास करणाऱ्या काही संशोधकांनी २०१४ मध्ये असं मत मांडलं की खुल्या समुद्रातल्या या शाखा तुलनेने उशिरा, ८० ते ६० कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास पुढे आल्या. त्याआधीच्या समुद्रांत मॉलिब्डेनमचीही चणचण असावी असं २००२ मध्येच सुचवलं गेलं होतं.

इथे आपल्या जिल्ह्याचाही संबंध येतो. गडचांदूर, कोरपना भागात सिमेंटचे कारखाने आहेत ते तिथल्या चुनखडीमुळे. ती चुनखडी म्हणजे एका प्राचीन समुद्राचा गाळ, शंभर कोटी वर्षांच्या आसपासचा. त्या काळात चंद्रपूरवर समुद्र होता! मासा नाही, शिंपला नाही, झाड नाही असा समुद्र, आणि बहुधा नत्राला भुकेला. आज आपण घराला जे सिमेंट लावतो त्यात त्या भुकेल्या समुद्राची माती आहे.

टाकून देणारे आणि घरजावई झालेले

आता याच कुळातल्या दोन समुद्री शाखांची हकीकत. इतिहास शिकवणाऱ्या माणसाला या दोन गोष्टी सोडवत नाहीत.

पहिली प्रोक्लोरोकॉकस. १९८८ मध्ये सॅली चिशोम आणि सहकाऱ्यांनी याची ओळख जगाला करून दिली. आकार मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी, पण पृथ्वीवर प्रकाशावर जगणाऱ्या जिवांत संख्येने हा सर्वांत जास्त. उष्ण समुद्रात सगळीकडे आहे. आणि याला हवेतलं नत्र बांधता येत नाही. २००३ मध्ये त्याच्या काही वाणांची जनुकं वाचली तेव्हा आणखी एक दिसलं. काहींकडे नायट्रेट वापरायची जनुकंही नाहीत. ॲनाबीनाच्या एका वाणाची जनुकपोथी सुमारे ७२ लाख अक्षरांची, तर याच्या एका वाणाची जेमतेम १७ लाखांची. दुष्काळात प्रत्येक अक्षराला नत्र लागतं. म्हणून जे नको ते टाकत टाकत तो हलका झाला, आणि दुसऱ्याच्या पानातून सांडलेल्या अमोनियावर जगू लागला.

सगळे टाकून बसले असंही नाही. २००९ मध्ये समुद्रातून थेट घेतलेल्या नमुन्यांत नायट्रेटची जनुकं सांभाळलेले प्रोक्लोरोकॉकस सापडले, आणि २०१५ पर्यंत तसे वाण प्रयोगशाळेत वाढवूनही झाले. ही विद्या त्यांच्या पूर्वजांकडे होती, काही घरांनी राखली, बऱ्याच घरांनी हरवली. हरवलेली मात्र आपोआप परत येत नाही. पोथीतली पानंच फाटून गेली.

दुसरी शाखा त्याहून नवलाची. जोनाथन झेर यांना १९९८ मध्ये प्रशांत महासागराच्या पाण्यात नत्र बांधणाऱ्या एका अनोळखी जिवाचं जनुक सापडलं. जीव हाती लागेना. २००८ मध्ये कळलं की या सायनोबॅक्टेरियाने प्राणवायू तयार करायची यंत्रणाच सोडून दिली आहे. २०१२ मध्ये कळलं की तो एका शैवालाच्या आश्रयाने राहतो. तिकडे जपानमध्ये क्योको हागिनो ते शैवाल प्रयोगशाळेत वाढवण्यासाठी दहाएक वर्षं चिकाटीने झटत होत्या. ते जमलं, आणि एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झालं की हा जीव आता पाहुणा राहिलेला नाही. त्या शैवालपेशीचा तो अवयवच झाला आहे. पेशी दुभंगते तेव्हा तोही सोबत दुभंगतो, आणि त्याची बरीच प्रथिनं यजमानच पुरवतो. या अवयवाला नायट्रोप्लास्ट म्हणतात. सोयरीक सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी जमली असावी. पानातल्या हिरव्या कणाची गोष्ट पुन्हा एकदा घडली, या वेळी नत्रासाठी. घरजावई आला आणि घरचाच झाला!

आणि आमची बांधी

१९०९ मध्ये जर्मनीत फ्रिट्झ हाबर यांनी हवेतल्या नत्राचं कुलूप कारखान्याच्या पद्धतीने, प्रचंड दाब आणि उष्णता देऊन, उघडून दाखवलं. १९१३ मध्ये ओप्पाऊला त्याचा कारखाना सुरू झाला. आज जगातल्या जवळजवळ निम्म्या लोकांचं अन्न या एका शोधावर उभं आहे असा अंदाज आहे. युरियाला नावं ठेवणं सोपं, पण दुष्काळाच्या आठवणी ऐकलेल्या माझ्या पिढीला ते शोभणार नाही.

तरी हिशेब मांडायला हरकत नाही. युरियाची गोणी ४५ किलोची. त्यात नत्र शेकडा ४६, म्हणजे गोणीमागे वीस-एकवीस किलो. बांधीतलं शेवाळ मनावर घेईल तर हेक्टरी एक-दीड गोणीचं काम फुकट करतं. सुधारित धानाला हेक्टरी शंभर किलोच्या आसपास नत्र सुचवतात, तेव्हा नुसत्या शेवाळावर आजचं उत्पन्न निघणार नाही हे उघड आहे. शेवाळाचं विरजण लावायची पद्धत सगळीकडे रुजली नाही त्यालाही कारणं आहेत. कधी पाण्यातले किडे ते खाऊन टाकतात, कधी स्फुरद कमी पडतं, कुठे जमतं, कुठे नाही. पण एक कारण मघाच्या कोतवालात आहे. बांधीत युरिया पडला, त्याचा अमोनिया झाला, की शेवाळाच्या घरची दवंडी बंद होते. ते जगतं, हिरवं दिसतं, पण हवेतलं नत्र बांधायचं काम थांबवतं. आपण जितकं जास्त ओतू तितकं ते कमी करणार. त्याचा तरी काय दोष? शिजलेला भात समोर असताना रोवणी कोण करील?

इथे मला प्रोक्लोरोकॉकस आणि बांधीतलं शेवाळ यांतला फरक महत्त्वाचा वाटतो. समुद्रातल्याने विद्या हरवली, बांधीतल्याने फक्त काम थांबवलं आहे. त्याच्या पोथीतली पानं शाबूत आहेत. युरिया जरा बेताने दिला, थोडा थोडा करून दिला, बांधीत पाणी राखलं, तर उरलेल्या दिवसांत ते पुन्हा कामाला लागतं. अब्जावधी वर्षांची विद्या साठ वर्षांत विसरत नाहीत ते.

माणसांचं मात्र तसं नाही. लाखोळी कधी फेकायची, बोडीचा गाळ उन्हाळ्यात कोणत्या बांधीत टाकायचा, कुठल्या बांधीला शेणखत आधी द्यायचं, हे ज्यांना ठाऊक होतं ती माणसं एकेक करून निघून चालली आहेत. त्यांची विद्या जनुकांत लिहिलेली नाही. ती सासऱ्याकडून सुनेकडे, बापाकडून लेकाकडे बोलून जायची. दोन पिढ्या बोलणं बंद राहिलं की पानं फाटलीच. म्हणून आमच्या घरच्या तरुण मंडळींना माझं एवढंच सांगणं. तुम्ही शेती करा, न करा, नोकरीसाठी नागपूर-पुण्याला राहा. पण गावी आलात की घरातल्या म्हाताऱ्यांजवळ बसून हे विचारून घ्या आणि वहीत उतरवून ठेवा. कोणत्या बांधीत काय टाकायचे, कधी टाकायचे, का टाकायचे. नावानिशी, बांधीनिशी. पुढे कुणाला लागलंच तर हाताशी असेल.

असो. धानापासून निघाले आणि फारच लांब गेले. येत्या पावसाळ्यात बांधीच्या कडेने चालताना तो निळसर हिरवा थर दिसला तर जरा थांबून बघा. त्याचे भाऊबंद याच क्षणी अरबी समुद्रात तेच काम करत असतील.